दात जुळणारा टीव्ही

घरातला जुना टीव्ही माणसांना हिरवं दाखवायला लागला, तेव्हा दातवाल्यांच्या बायकोने बरेच दिवस कळ काढली. पुढारी हिरवे दिसले, खेळाडू हिरवे दिसले, हवामान सांगणारा तर रोजच आजारी वाटायचा, पण तिची काही तक्रार नव्हती. मग लेकीला गावातही दिसणाऱ्या मोठ्या चॅनेलवर संध्याकाळच्या मुख्य बातम्या वाचायला मिळाल्या आणि पहिल्याच दिवशी लेकही हिरवी निघाली. बायकोने टीव्ही बंद केला आणि हा डबा आता या घरात राहणार नाही, असं जाहीर करून टाकलं.

"रंगातलं तुम्हाला कळतं," ती म्हणाली. "आपली पोर आहे तशी दिसेल असा टीव्ही आणा. बाकी मला काही नको."

दातवाल्यांनी मान हलवली. कामाला निघताना वाटेत पाव आणायला सांगावा तसं तिने हे सांगितलं होतं आणि त्यांनाही ते तेवढंच सोपं वाटलं. माणसाला आपल्याच हुशारीचा धोका दिसत नाही तो असा.

दातवाले म्हणजे दात काढणारे नव्हेत, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण ते स्वतः ते भेटेल त्याला सांगत असत. दात काढतो तो डॉक्टर. त्या जागी बसवायचा खोटा दात बनवायचं काम यांचं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांची लॅब होती. गावातल्या दवाखान्यांतून तिथे प्लास्टरचे साचे येत. दातवाले पोर्सिलेनची पूड पाण्यात कालवून बारीक कुंचल्याने दात रचत आणि छोट्या भट्टीत भाजून काढत. आकार काय, कोणीही देईल. खरी कसोटी रंगाची. दात पांढरे असतात असं म्हणणाऱ्या माणसाशी ते फार वेळ बोलत नसत. दात पिवळसर असतो, राखाडी असतो, टोकाला निळसर असतो, मुळाशी मधासारखा असतो. पुढचा एकच दात बनवायचा असला की भले भले डॉक्टर हात टेकत आणि पेशंटलाच दातवाल्यांकडे धाडून देत.

पेशंट आला की ते त्याला खिडकीपाशी बसवत. बाईमाणूस असलं तर लिपस्टिक पुसायला लावत. मग शेड गाईड काढत. ही एक धातूची पट्टी, तिला ओळीने नमुन्याचे दात लटकवलेले, पांढऱ्यापासून पार तपकिरीपर्यंत. त्यांचा नियम एकच होता: पहिली नजर खरी. पहिल्या नजरेत दिसलं ते दिसलं. त्यानंतर डोळा थकतो आणि मालकाला खूश करायला काहीही सांगायला लागतो. म्हणून टेबलावर एक निळा पुठ्ठा कायम असे. चुकलं असं वाटलं तर त्या निळ्याकडे बघत बसायचं, डोळा धुऊन निघाल्यासारखा होतो, आणि मग पुन्हा एकदा पहिली नजर टाकायची. लॅबमध्ये शिकायला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे इतक्यांदा सांगितलं होतं की त्यांचे कान किटले होते.

सगळ्यात जास्त ऐकलं होतं लेकीने. लहानपणी तिचे पुढचे दोन दात चेहऱ्याच्या मानाने इतके मोठे होते की दातवाले तिला खारूताई म्हणत, आणि पुढे नुसतंच खारू. त्यातला डावा दात सायकलवरून पडून अर्धा गेला. पोर मोठी होईपर्यंत थांबून दातवाल्यांनी स्वतः तिच्यासाठी नवा दात केला. केला, फोडला, पुन्हा केला, पुन्हा फोडला. शेवटी बसवला तेव्हा तिच्या आईने खोटा दात म्हणून बोट ठेवलं ते उजव्यावर. दातवाल्यांनी आयुष्यात हजारो दात केले असतील, पण तेवढा एक दात त्यांना मनातून काढता आला नाही.

पुढे खारू त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसायला लागली. तिचा हात त्यांच्याहून हलका होता. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला काय, आयुष्य पडलंय असं त्यांना वाटत होतं. त्यांनी लॅबवर नवी पाटीही रंगवून घेतली, 'आणि कन्या' असं लिहून. पाटीचा रंग वाळतोय न वाळतोय तोच खारूने सांगितलं की तिला दूरच्या शहरात बातम्या वाचायचं काम मिळालंय आणि ती जाणार आहे. दातवाले एवढंच म्हणाले, "जा. पण मग या घरात येशील ती पाहुणी म्हणून."

पोर बापावर गेलेली. पाहुणी म्हणून यायचं तिने साफ नाकारलं, म्हणजे ती आलीच नाही. आई वर्षातून एकदोनदा तिकडे जाऊन तिला भेटून यायची. फोन आला की आईच घ्यायची. दातवाले शेजारच्या खुर्चीत वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि फोन संपेपर्यंत त्यांचं पान उलटलं जायचं नाही. "बाबांना सांग औषध घ्यायला," तिकडून यायचं. "तिला सांग, घेतोय," इकडून जायचं. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं आणि मधल्या मध्ये आईचा निरोप्या झाला होता.

तर असे हे दातवाले एका दुपारी टीव्हीच्या दुकानात शिरले. दुपार अशासाठी, की दुपारच्या बातम्याही खारूच वाचायची. दुकानातली एक अख्खी भिंत पडद्यांनी भरलेली होती आणि सगळ्यांवर एकच मासा पोहत होता. दातवाल्यांनी विक्रेत्याला मासा काढून बातम्या लावायला सांगितलं. विक्रेता टापटीप, गळ्यात टाय, बोलायला बसला की समोरच्याला श्वास घ्यायला जागा न ठेवणारा. त्याने बातम्या लावल्या, आणि दातवाल्यांची लेक भिंतभर उगवली.

ती एक नव्हती. पहिल्या पडद्यावर तिचे गाल गाजरासारखे होते. दुसऱ्यावर ती महिनाभर तापाने झोपून उठल्यासारखी. तिसऱ्यावर सावळी, चौथ्यावर गुलाबी, त्याखालच्यावर जांभळट. कपडे कुठे निळे, कुठे हिरवट. सगळ्या एका सुरात पुराची बातमी सांगत होत्या. दातवाले एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि मधोमध उभे राहिले. यातली आपली कुठली हे त्यांना कळेना.

विक्रेता एव्हाना सुरू झाला होता. एलसीडीत मागे दिवा असतो आणि पुढे पडदे उघडझाप करतात, प्लाझ्मात मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो, म्हणून प्लाझ्माचा काळा बघा काका, काळा. कॉन्ट्रास्ट बघा. समोरून बघा, बाजूने बघा, रंग हलत नाही. फक्त एकच चित्र तासन् तास लावून ठेवायचं नाही, नाहीतर त्याचा डाग पडद्यावर राहतो. दातवाल्यांनी त्याला मधेच थांबवून सांगितलं की त्यांना काळ्याशी काही देणंघेणं नाही, पांढऱ्याचं काय ते बोला. विक्रेत्याला असं कोणी आजवर विचारलं नव्हतं. पांढरा तर सगळ्यांचाच पांढरा असतो, असं तो बोलून गेला आणि दातवाल्यांच्या मनातून तिथल्या तिथे उतरला.

त्यावर कडी म्हणजे त्याने रिमोट घेतला आणि एकाच टीव्हीवर खारूला तीन वेळा बदलून दाखवलं. हा भडक मोड, हा सिनेमाचा, हा साधा. "तुम्हाला आवडेल तसा ठेवा," तो म्हणाला. दातवाल्यांचं डोकं गरगरायला लागलं. आवडीचा प्रश्नच कुठे होता? पेशंट खुर्चीत बसून आवडेल तो रंग सांगायला लागला तर ते त्याला बाहेर काढत. ते प्रत्येक पडद्यापुढे उभे राहून आठवायला लागले की खारूच्या गालाचा रंग खरा कसा होता. उन्हाळ्यात कसा होता, आजारी असताना कसा होता. त्यांना गावातल्या अर्ध्या माणसांच्या दातांचे रंग तोंडपाठ होते. पण लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले की भिंतीवरचेच चेहरे पुढे यायचे, कधी गाजरी, कधी जांभळट. त्यांना एकदम घाबरल्यासारखं झालं, आणि काही न घेताच ते बाहेर पडले.

घरी बायकोने विचारलं, काय झालं. ते म्हणाले, बघतोय. टीव्ही आणायला गेलेल्या माणसाने बघतोय म्हणणं तिला पटलं नाही, आणि तिने आपल्या भावाला बोलावून घेतलं.

हा मेव्हणा म्हणजे कुठल्याही विषयात पडायला एका पायावर तयार. तो आला तोच सांगत आला की प्लाझ्मा अजिबात घेऊ नका, त्यात गॅस असतो आणि काही वर्षांनी तो परत भरून घ्यावा लागतो. दातवाल्यांनी घाबरून दुसऱ्या दिवशी दुकानात विचारलं की गॅस कुठे भरून मिळतो. विक्रेत्याने शपथेवर सांगितलं की असं काही नसतं. सोबत आलेला मेव्हणा हसला आणि दातवाल्यांच्या कानात म्हणाला, हे सांगणारच. मग त्याने टीव्हीच्या पाठीला हात लावून तो किती तापतो ते बघितलं, खोलीची लांबी विचारली, डोळ्यांपासूनचं अंतर विचारलं, आणि एवढ्या मोठ्या पडद्याला तुमच्या घरातली मागची भिंत पाडावी लागेल असं सांगून चहा प्यायला निघून गेला. दातवाले होते त्याहून जास्त बुचकळ्यात पडले. रात्रीच्या जेवणात त्यांनी मिठाऐवजी साखर घेतली आणि बायकोने ती परत बरणीत ओतली.

आणि जेवता जेवताच त्यांना सुचलं. चेहऱ्याचा रंग आठवत नसेना का, दाताचा तर आठवतो. आपण केलेला दात. तो कुठल्या नमुन्याचा, मुळाशी किती मध घातला, टोकाला किती निळं, सगळं त्यांच्या बोटांत होतं. तो दात आजही खारूच्या तोंडात असला, तर तोच मोजपट्टी. ज्या टीव्हीवर तो दात शेजारच्या दाताशी जुळलेला दिसेल तो टीव्ही खरा. आपण तो जुळवूनच दिला होता, यात तर शंका नव्हती. इतके दिवस आपल्याला हे सुचलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

पण इथे घोडं अडलं ते बातम्यांवर. पूर, अपघात, संप. बातम्या वाचणारी बाई पुराच्या बातमीत हसणार कशी? बोलताना दातांची टोकं तेवढी दिसायची. अख्खा दात दिसायचा तो शेवटी, ती निरोप घेताना हसायची तेव्हा, आणि ते हसू सुरू झालं म्हणेपर्यंत जाहिरात यायची. दातवाले रोज दुपारी दुकानात येऊन डोळ्यांत तेल घालून त्या एका हसण्याची वाट बघायला लागले. खिशातून शेड गाईड काढायचे आणि पडद्याजवळ धरून उभे राहायचे. पट्टीवर लटकलेले ते दात बघून एक गिऱ्हाईक बाई नवऱ्याचा हात धरून पंख्यांच्या विभागात निघून गेली. हसू येऊन गेलं की दातवाले पिशवीतून निळा पुठ्ठा काढून त्याच्याकडे बघत बसायचे. विक्रेत्याने पहिल्या दिवशी विचारलं, हे काय. डोळे धुतोय, असं उत्तर मिळाल्यावर त्याने पुन्हा विचारलं नाही.

एकेका दुपारी एकेक पडदा. बहुतेकांवर सगळे दात मिळून एक पांढरी पट्टी दिसायची, ते बाद झाले. शेवटी दोनच उरले. एक मधल्या रांगेतला, नीटनेटका, फार बोलबाला नसलेला. दुसरा दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत एकटाच ठेवलेला मोठा प्लाझ्मा, ज्याच्याबद्दल बोलताना विक्रेत्याचा आवाज आपोआप खाली यायचा. मधल्यावर खारू हसली तेव्हा पुढचे दोन्ही दात अगदी जुळे भाऊ. दातवाल्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी ते आतल्या खोलीत जाऊन बसले. चित्र असं होतं की खारूच्या भुवईचा केस न् केस मोजावा. बातम्या संपल्या, ती हसली, आणि दातवाले ताडकन उठले.

डावा दात वेगळा दिसत होता. शेजारच्यापेक्षा स्पष्ट फिकट, आपला आपण वेगळा. खोटा दात खोटा म्हणून दिसत होता.

"हा बिघडलाय," त्यांनी विक्रेत्याला सांगितलं.

विक्रेता बिचारा रडकुंडीला आला. याहून चांगला पडदा आमच्याकडे नाही, कोणाकडेच नाही, असं तो परोपरीने सांगू लागला. चॅनेलने नवे कॅमेरे घेतलेत, त्यातलं बारीकसारीक सगळं दाखवणारा हाच एक आहे. दातवाले ऐकेनात. त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवलेला दात जो टीव्ही वेगळा दाखवतो, तो टीव्ही खोटारडा. त्यांनी मधल्या रांगेतला पक्का केला, पत्ता लिहून दिला आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की परवा टीव्ही येतोय. कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ओळख जुनी, त्यामुळे त्या आडपडदा न ठेवता बोलायच्या. त्यांचा एक पेशंट तक्रार घेऊन आला होता. पुढचा दात दातवाल्यांनी करून दिलेला, आता तो शेजारच्यांशी जुळत नाही, उठून दिसतो. कामात काही चुकलं होतं का, असं त्यांनी विचारलं.

अशा फोनला द्यायचं उत्तर दातवाल्यांकडे तयार असायचं. साचा घासता घासता खांद्यात फोन धरून ते बोलू लागले. "डॉक्टर, काम बरोबर होतं. किती वर्षं झाली त्याला? तेच. पोर्सिलेन आहे तसं राहतं, पण माणसाचे दात वयाबरोबर पिवळे होत जातात. दात पुढे निघून गेले आणि आमचा आपला बसवला त्या दिवशीच थांबलाय. त्यात चूक कोणाचीच नाही. त्यांना खिडकीशी बसवून नव्याने…"

आणि ते थांबले. पलीकडून डॉक्टरीणबाई दोनदा हॅलो म्हणाल्या. दातवाल्यांनी साचा खाली ठेवला, मग फोन ठेवला, आणि शेजारच्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले. गावातल्या सगळ्यांचे दात म्हातारे होतात हे आयुष्यभर लोकांना समजावून सांगणाऱ्या या माणसाला आपली पोरगी तेवढी सायकलवरून उतरलेली, ताज्या दाताची, तशीच्या तशी हवी होती. तिचं वय किती झालं असेल याचा हिशोब त्यांनी कधी केलाच नव्हता. आता केला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

त्या दुपारी ते दुकानात गेले ते थेट आतल्या खोलीत. विक्रेत्याने काही न विचारता बातम्या लावून दिल्या आणि दार लोटून घेतलं. दातवाले पडद्याच्या अगदी जवळ बसले. आज पहिल्यांदाच त्यांनी दात सोडून बाकीचं बघितलं. डोळ्यांच्या कडेला मेकअपखालून बारीक रेषा होत्या. गळ्यापाशी त्वचा किंचित सैल झाली होती. वाचताना एखादा शब्द लांबला की ती खालचा ओठ आत घ्यायची, ही सवय तिच्या आईची. समोर एक प्रौढ, थकलेली, कामात मुरलेली बाई बसली होती आणि तीच त्यांची खारू होती.

ती हसली. दातवाल्यांनी शेड गाईड वर धरलं. डावा दात त्यांनी केला त्याच नमुन्याचा, तसूभरही न बदललेला. आजूबाजूचे दोन छटा उतरलेले. या टीव्हीचं सगळं बरोबर होतं. मधल्या रांगेतला खोटारडा होता, आणि त्याने त्यांना ऐकायचं तेच सांगितलं होतं.

पण मग दुसराच गोंधळ उभा राहिला, आणि तो टीव्हीचा नव्हता. रोज लाखो लोकांपुढे तोंड उघडणारी बाई असा उठून दिसणारा दात ठेवते कशाला? तिकडे चांगल्या लॅब कमी नसतील. एका दुपारचं काम. या वर्षांत केव्हाही बदलून घेता आला असता. की तिला दिसतच नाही? पण जिने त्यांच्याच टेबलाशेजारी बसून रंग जुळवले, तिला दिसत नाही हे कसं मानायचं? दातवाले निळ्या पुठ्ठ्याकडे बघत बसले. विक्रेता आत आला तेव्हा त्यांनी त्याला एवढंच सांगितलं की पत्ता तोच, टीव्ही मात्र हा पाठवा. काल हा बिघडला होता ना, असं विचारायचं त्या भल्या माणसाच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून त्याने ते गिळलं.

संध्याकाळी बातम्या झाल्यावर फोन वाजला. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत दातवाल्यांनी तो उचलला होता. ती दारातच थांबली.

पलीकडून "आई" असं आलं. इतक्या वर्षांनी काय बोलावं हे त्यांनी दुकानातून घरी येताना पुष्कळ ठरवलं होतं, पण तोंडातून आलं ते कामाचंच.

"तुझा डावा दात जुळत नाही आता."

खारू म्हणाली, "माहीत आहे. चार-पाच वर्षं झाली. इथली मेकअपवाली रोज त्याला पिवळा लावायला येते. मी लावू देत नाही."

"बदलून का नाही घेतलास?"

"इथले सगळे तेच म्हणतात. मी सांगते, माझ्या बाबांनी केलाय, त्यांना विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." मग ती म्हणाली, "आणि तुम्हाला विचारणार कसं? तुम्ही फोनवर येत नाही."

बायकोने खुर्ची पुढे सरकवली आणि दातवाले तिच्यात बसले. त्यांना खूप काही म्हणायचं होतं: तुझा हात माझ्याहून हलका होता, ती पाटी अजून तशीच आहे, चुकलं माझं. यातलं शेवटचं तेवढं त्यांनी म्हटलं, आणि तेही इतक्या हळू की पलीकडे पोचलं की नाही हे त्यांना समजलं नाही. मग आवाज सावरून ते म्हणाले, "टीव्हीवरून शेड घेता येत नाही. मी खूप प्रयत्न केला. माणूस समोर लागतं. सकाळच्या उजेडात, खिडकीशी."

"पाहुणी म्हणून येऊ?" तिने विचारलं. आवाजात जरा धार होती.

"नाही," दातवाले म्हणाले. "पेशंट म्हणून ये."

ती हसली. फोनवर दात दिसत नाहीत, पण ते हसू त्यांनी ओळखलं.

मोठा प्लाझ्मा ठरल्या दिवशी आला. भिंत पाडावी लागली नाही, फक्त कपाट सरकवावं लागलं. मेव्हण्याने पाठीला हात लावून बघितला आणि तापतोय म्हणाला. बायको त्यापुढे बसली, लेकीच्या डोळ्यांभोवतीच्या रेषा बघून थोडी रडली, आणि आहे तशी दिसते आहे म्हणून समाधानाने उठली.

खारू आली ती एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी, आणि सामान घरी ठेवून वडिलांच्या मागोमाग लॅबमध्ये. जिन्यात तिने पाटी बघितली आणि ती वर चढली. आपलं जुनं टेबल सोडून ती पेशंटच्या खुर्चीत बसली, रुमालाने ओठ पुसले, तोंड खिडकीकडे केलं आणि दात दाखवले. सगळं नियमाप्रमाणे. दातवाल्यांनी शेड गाईड उचललं आणि पहिली नजर टाकली.

पण ती नजर दातांपर्यंत गेलीच नाही. इतक्या पडद्यांवर शोधून न सापडलेला रंग समोर उन्हात बसला होता, तो गाजरीही नव्हता, गुलाबीही नव्हता, आणि त्याला कुठल्याही पट्टीवर नाव नव्हतं. त्यांनी पापण्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. सगळं धूसर झालं होतं. त्यांनी शेड गाईड खाली ठेवलं.

खारू तशीच तोंड उघडून थोडा वेळ थांबली. मग तिने हात लांब करून टेबलावरचा निळा पुठ्ठा उचलला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"घाई नाही, बाबा," ती म्हणाली. "मी आहे इथे."